संगणक-शंका : विंडोज, मॅक, लिनक्स आणि व्हायरस

गेल्या अंकात व्हायरसबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं आणि मेल मिळून ढीग झाला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कारण काहींनी प्रश्नासोबत बँकेचे तपशीलही लिहून पाठवले होते. असे तपशील कृपया कुणालाच पाठवू नका, मलासुद्धा नाही. मी कराडात संगणक दुरुस्तीचं काम करते. शाळा, पतसंस्था, झेरॉक्सची दुकानं, घरचे लॅपटॉप असं सगळं हाताखालून जातं. खालची उत्तरं त्या कामातूनच आलेली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्याकडे विंडोज १० चा लॅपटॉप आहे. मुलाकडे अ‍ॅपलचा मॅक आहे, तो म्हणतो मॅकला व्हायरस लागतच नाही. पुतण्या म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स टाका, कटकट मिटेल. दुकानदार म्हणतो क्विक हील अँटीव्हायरस घ्या. खरं कोणाचं? (वाई)

सर, आधी मुलाचं वाक्य निकालात काढू. मॅकला व्हायरस लागतो. घरगुती संगणकांत मोकाट पसरलेल्या सुरुवातीच्या व्हायरसांमध्ये 'एल्क क्लोनर'चं नाव पहिलं घेतात. तो १९८२ चा, आणि फिरत होता तो अ‍ॅपलच्याच 'अ‍ॅपल टू'वर, फ्लॉपीतून. आपल्या पीसीवरचा पहिला, 'ब्रेन', १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. पुढे २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सहा लाखांहून जास्त मॅक गाठले. जावामधल्या एका छिद्रातून तो आत शिरायचा. लिनक्स ज्या युनिक्सच्या घराण्यातलं, त्या युनिक्सवर तर नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या एका प्रोग्रामने, धुमाकूळ घातला होता. तेव्हाचं इंटरनेट साधारण साठ हजार संगणकांचं, आणि त्यातले सहाएक हजार आडवे झाले असा अंदाज होता.

मग नाव विंडोजचंच का खराब झालं? वापरणारे जास्त म्हणून, असं सगळे सांगतात. पण हे अर्धंच उत्तर आहे. जगातले बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात, म्हणजे चोरण्यासारखं तिथेही भरपूर आहे. उरलेलं अर्धं उत्तर अधिकारांचं आहे, आणि मला या सदरात तेच मनापासून सांगायचं आहे.

संगणकावर कुठलाही प्रोग्राम चालतो तो कुणाच्या तरी नावाने चालतो, आणि त्या माणसाला जे करायची मुभा असते ते सगळं तो प्रोग्राम करू शकतो. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली, तेव्हा घरच्या संगणकावर तयार होणारं पहिलं खातं थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असायचं आणि घरातले सगळे तेच वापरायचे. नातवाने गेम म्हणून काही उघडलं, तर त्या गेमला पूर्ण विंडोज बदलायची मुभा. लिनक्समध्ये आणि मॅकमध्ये रोजचं काम साध्या अधिकारांत चालायचं. सिस्टिमला हात लावायचा तर वेगळा पासवर्ड टाकावा लागायचा. शिवाय लिनक्समध्ये नेटवरून उतरवलेली फाइल आपसूक चालत नाही. ती चालवायची परवानगी आधी आपण द्यावी लागते.

विंडोजच्या आणखी दोन सवयी नडल्या. एक म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट लपवणं. मे २००० मधला 'आय लव्ह यू' याच सवयीवर जगभर पसरला. मेलसोबत आलेली फाइल साधं प्रेमपत्र दिसायची, शेवटचं 'डॉट व्हीबीएस' दिसायचंच नाही, आणि लोक उघडायचे. दुसरी सवय दारं उघडी ठेवण्याची. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' आला, तेव्हा नुसतं नेट जोडलं की संगणक बाधित व्हायचा, काही उघडावंही लागत नव्हतं. फायरवॉल, म्हणजे नेटवरून आत घुसणाऱ्यांना अडवणारी भिंत, आधीपासून चालू असलेली एक्सपी मिळाली ती सर्व्हिस पॅक २ मधून, ऑगस्ट २००४ मध्ये. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं लोकांनी उघड्यावर काढली.

आजची विंडोज ती राहिलेली नाही, हेही तितकंच खरं. २००७ च्या व्हिस्टापासून महत्त्वाचा बदल करताना ती विचारू लागली. लोक त्या खिडकीला वैतागले आणि बंद करून टाकू लागले. मी मात्र ती चालू ठेवा असंच सांगत आले आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस सोबतच येतो. त्यामुळे आज 'विंडोज असुरक्षित, मॅक सुरक्षित' असं सरसकट म्हणता येत नाही.

यात एक मोठी फट मात्र तिन्हीकडे आहे. तुमच्या नातवंडांचे फोटो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, पेन्शनची कागदपत्रं तुमच्याच नावावर असतात. ती चोरायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हावं लागत नाही. तुमच्या नावाने चालणारा प्रोग्राम बहुतेकदा ती वाचू शकतो. हल्लीचे बरेच चोर म्हणूनच सिस्टिम बिघडवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. गुपचूप पासवर्ड उचलून निघून जातात. मॅकवर 'अ‍ॅटॉमिक स्टीलर' २०२३ पासून हेच करतो. मुलाला हे नाव जरूर सांगा.

आणि एक युक्ती तर विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालू आहे. एखादं पान उघडतं आणि 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणतं. खाली सूचना असते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एन्टर. मॅकवाल्याला टर्मिनल उघडून तिथे चिकटवायला सांगतात. त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. माणसानेच हुकूम दिल्यावर अँटीव्हायरस प्रत्येक वेळी अडवेलच असं नाही. कुठलंही खरं संकेतस्थळ असं कधी करायला लावत नाही.

आता तुमचा लॅपटॉप. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये ते असेल तर सरळ ११ वर जा.

नसेल, तर पुतण्याचं ऐका. लिनक्स मिंट ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालतं. पेनड्राइव्हवरून सुरू करून, काहीही न पुसता आधी वापरून बघता येतं. मराठीसाठी त्यात इनस्क्रिप्टचा कीबोर्ड आहे, युनिकोड उत्तम चालतो. पण तुमचं जुनं लिखाण श्रीलिपीत असेल तर थांबा, श्रीलिपी विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये करून घ्या.

क्विक हीलबद्दल : रहिमतपूरचे काटकर बंधू. कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, आणि दुकानात येणारे व्हायरसग्रस्त संगणक साफ करायला धाकट्या संजय काटकरांनी प्रोग्राम लिहिले. त्यातून ही कंपनी उभी राहिली. दोघे भाऊ सातारा जिल्ह्यातले म्हणून मला त्याचं अप्रूप आहेच. विकतच्या अँटीव्हायरसमध्ये फोनवर मराठीत बोलणारा माणूस मिळतो. तुम्हाला त्याचा आधार वाटत असेल तर घ्या. नाहीतर तुमच्यासारख्या वापराला डिफेंडर पुरतो. फक्त दोन अँटीव्हायरस एकत्र नांदवू नका. आणि लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला चाचणीचा अँटीव्हायरस काढून टाका. असा मुदतबाह्य पहारेकरी बऱ्याचदा डिफेंडरलाही नीट काम करू देत नाही.

प्रश्न : माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावतो. सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होतात, फाइली गायब. पेनड्राइव्ह फॉरमॅट केला तरी परत तेच. (मंगळवेढा)

दादा, फाइली गायब झालेल्या नसतात. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, कारण दहावीच्या मार्कलिस्टचं स्कॅन गेलं म्हणून रडवेली झालेली पोरं मी पाहिली आहेत. आणि लगेच फॉरमॅट तर करूच नका.

काय होतं ते बारकाईने बघा. पेनड्राइव्ह उघडला की फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो आणि आकाराच्या रकान्यात एक-दोन केबी. हा शॉर्टकट. त्यावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि 'टार्गेट' नावाची ओळ वाचा. तिथे फोल्डरचा पत्ता असायला हवा. त्याऐवजी 'सीएमडी' किंवा 'डब्ल्यूस्क्रिप्ट' असा, विंडोजमध्ये आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचा शब्द आणि पुढे एखाद्या स्क्रिप्ट-फाइलचं नाव दिसेल. म्हणजे डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, आणि मग तोच खरा फोल्डरही उघडून देतो. काम होतंय म्हणून कुणाला संशय येत नाही. खरा फोल्डर तिथेच असतो, त्याला 'हिडन' आणि 'सिस्टिम' अशा दोन खुणा लावून लपवलेला असतो. कधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकललेला असतो.

हाच पेनड्राइव्ह लिनक्सवर लावून बघण्यासारखा आहे. विंडोजच्या त्या लपवायच्या खुणा लिनक्स मानत नाही, त्यामुळे खरे फोल्डर समोर दिसतात. शेजारी शॉर्टकट आणि स्क्रिप्ट निपचित पडलेल्या असतात. दाबल्या तरी काही होत नाही, कारण त्यांना लागणारा सीएमडी तिथे नसतोच. पेनड्राइव्ह तोच, व्हायरस तोच, पण त्याला तिथे काम करता येत नाही.

तुमचा आजार परत येतो, कारण तुम्ही पेनड्राइव्ह साफ करता आणि संगणक तसाच ठेवता. व्हायरस संगणकात बसलेला असतो, नवा पेनड्राइव्ह दिसला की परत करणी. म्हणून क्रम उलटा करा. सगळे पेनड्राइव्ह काढा. विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅनच्या पर्यायांत ऑफलाइन स्कॅन आहे, तो चालवा. संगणक परत सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागी व्हायच्या आत तपासणी होते. मग पूर्ण स्कॅन. संगणक स्वच्छ झाला की मगच पेनड्राइव्ह लावा, स्कॅन करा, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये पेनड्राइव्हच्या अक्षरावर जाऊन अ‍ॅट्रिब ही आज्ञा द्या. तिच्यापुढे वजा एच, वजा आर, वजा एस, मग तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी, अशी इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा सोडून. लपलेलं सगळं वर येतं. शेवटी बाणवाले शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट पुसा.

कायमचा उपाय मी आमच्या भागातल्या अशा केंद्रांना सांगते तो असा. एक जुना संगणक फक्त पेनड्राइव्हसाठी ठेवा, त्यावर लिनक्स टाका. फाइल तिथे उघडायची, प्रिंट तिथूनच द्यायची. ज्या संगणकावर तुम्ही दाखल्यांचं पोर्टल उघडता, त्याला परका पेनड्राइव्ह लावायचाच नाही. त्यावर रोज वापरायचं खातं साध्या अधिकारांचं ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड पोऱ्याला देऊ नका. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन सही झाली की काढून खणात ठेवा. आणि संध्याकाळी शटर ओढायच्या आधी डाउनलोडमधली आधार, पॅन, रेशनकार्डं पुसून टाका. ती लोकांची आहेत. तुमच्या संगणकात चोर शिरला तर जाणार त्यांचं आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालतं. संगणकावर विकतचा अँटीव्हायरस आहे. एवढं पुरेसं नाही का? (पलूस)

नाही. आणि हे सांगताना मला काळजी वाटते, कारण तुमच्याकडे जे पैसे आहेत ते बचत गटाच्या बायकांचे, ऊसतोड्यांचे, पेन्शनरांचे आहेत.

विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर नियमित दुरुस्ती मिळत नाही. अँटीव्हायरस आलेली फाइल तपासतो, पण खुद्द विंडोजमधलं छिद्र तो बुजवत नाही. १२ मे २०१७ चा 'वॉनाक्राय' आठवा. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका छिद्रातून तो संगणकावरून संगणकावर आपोआप उड्या मारत गेला. फाइलींना कुलूप घालायचा, आणि ते काढायला प्रत्येक स्क्रीनवर सुरुवातीला तीनशे डॉलरची मागणी, बिटकॉइनमध्ये. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या छिद्रावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली होती त्यांच्या संगणकांना त्या छिद्रातून काहीच झालं नाही. बाधितांत एक्सपीपेक्षा विंडोज ७ चे संगणक कितीतरी जास्त होते, आणि त्यांच्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती.

दीड महिन्याने, २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. तो तुम्ही नीट समजून घ्या, कारण त्याची सुरुवात हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून झाली. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी हा व्हायरस घातला. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि थेट आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत आला. तिथल्या जेएनपीटी बंदरात मर्स्कच्या गटाकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. मर्स्कचं जगभरचं जाळं परत उभं करायला एक मूळ प्रत हवी होती, आणि बाकी सगळ्या प्रती गेल्या होत्या. वाचली ती घानामधली एक. तिथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता.

तुमचा बॅकअप कुठे आहे? बहुतेक पतसंस्थांत मला तो त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर सापडतो. खंडणीवाला व्हायरस त्या डिस्कलाही तसाच कुलूप घालतो. दोन डिस्क घ्या. एक दिवस ही, एक दिवस ती. काम झालं की काढायची, आणि एक कायम दुसऱ्या इमारतीत, सचिवांच्या किंवा अध्यक्षांच्या घरी, कुलपात. महिन्यातून एकदा त्या बॅकअपवरून दुसऱ्या संगणकावर खातेवही उघडून बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबून संचालक मंडळाला 'सगळं ठीक' सांगू नका.

विंडोज ७ लगेच सोडता येत नसेल तर त्याचं नेट आजच काढा. मेल, ब्राउझर, टपाल-छपाई सगळं दुसऱ्या संगणकावर. सॉफ्टवेअरवाल्याकडे नव्या विंडोजवर चालणारी आवृत्ती लेखी मागा, तारीख घालून. आणखी एक गोष्ट बघाच : दुरुस्तीसाठी त्यांनी संगणकावर दूरनियंत्रणाचं, म्हणजे एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर टाकून कायमचा पासवर्ड लावून ठेवला आहे का. असेल तर काढायला लावा. त्यांना गरज पडेल तेव्हा फोन करतील, तुमचा माणूस समोर बसून परवानगी देईल, काम संपलं की बंद. एकच पासवर्ड पंचवीस संस्थांना लावलेला मी पाहिला आहे. एका ठिकाणी फुटला की सगळ्यांची दारं उघडी.

आणि दुर्दैवाने काही झालंच, तर लाजून लपवू नका. नेटची वायर काढा, संगणक पुसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. उघडली तर काही दिसलं नाही. आता माझ्या फोनवरून सगळ्या भिशीच्या मैत्रिणींना तीच पत्रिका जातेय. फोनमध्ये अँटीव्हायरस टाकू का? (नाशिक)

ताई, आधी हातातला अंक बाजूला ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. वायफायही बंद. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच. तिथे जितका उशीर तितका पैसा पुढच्या खात्यांत सरकतो. मग मैत्रिणींना दुसऱ्या नंबरवरून सांगा की ती उघडू नका.

ती पत्रिका नव्हती, एपीके होती, म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप. कधी ती लग्नपत्रिका म्हणून येते, कधी आरटीओचं चलन, कधी पीएम किसानची यादी. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते. ती 'इन्स्टॉल करू का' असं कधीच विचारत नाही.

संगणक आणि फोन यांच्यातला फरक इथे कळतो. संगणक हा एका किल्लीचा वाडा आहे. आत शिरलेला प्रोग्राम तुमच्या नावाने सगळीकडे हिंडतो. फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र खोली, आणि शेजारच्या खोलीत डोकवायला तुमची परवानगी लागते. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही असेच बांधलेले आहेत, आणि म्हणून ते मुळात संगणकाहून भक्कम आहेत. पण परवानगी तुम्ही दिलीत की संपलं. हे अ‍ॅप पहिल्यांदा एसएमएस मागतं, म्हणजे बँकेचा ओटीपी त्याला दिसतो. मग 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मागतं. ही सोय दृष्टिहीन आणि इतर दिव्यांगांसाठी आहे. तिच्यामुळे अ‍ॅपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ती सहज मिळू नये अशी अडचण घातली आहे. जुन्या फोनला तीही नाही.

साफ करायला फोन सेफ मोडमध्ये सुरू करा, अनोळखी अ‍ॅप काढा. निघत नसेल तर 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'च्या यादीत त्याची खूण काढा, मग निघेल. खरं तर मी सांगेन की फोटो आणि नंबर काढून घेऊन फॅक्टरी रीसेटच करा. बँक वापरायच्या फोनवर अर्धवट सफाई नको. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा, अनोळखी काही असेल तर बाहेर काढा. कॉल दुसरीकडे वळवले आहेत का याची शंका असेल तर ##००२# डायल करा, सगळं वळवणं रद्द होतं. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.

यापुढे सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅपसमोरची परवानगी बंद करा. एवढं केलं की अशी पत्रिका चुकून दाबली तरी अँड्रॉइड तिला अडवून धरेल. वेगळ्या अँटीव्हायरसपेक्षा हे एक बटण जास्त कामाचं आहे. आयफोनवर एपीके चालतच नाही, आपल्याकडे अ‍ॅप येतं ते अ‍ॅप स्टोअरमधूनच. पण म्हणून आयफोनवाल्या मैत्रिणींनी निश्चिंत राहू नये. ओटीपी विचारणारा फोन त्यांनाही येतो. आणि पेगासससारखी हेरगिरीची हत्यारं काहीही न दाबता आयफोनमध्ये शिरल्याचं सिद्ध झालेलं आहे. ती महागडी हत्यारं सामान्य घरांवर कुणी वापरत नाही, त्याची धास्ती मात्र घेऊ नका.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. सॉफ्टवेअरं परवडत नाहीत म्हणून सगळेच क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रती, वापरतात. डिफेंडर ओरडतो, पण तो 'फॉल्स' अलार्म असतो असं सिनिअर सांगतात. (बेळगाव)

सिनिअर काय वाटेल ते सांगोत, तू एकदा बघ की क्रॅक चालवायच्या आधी तो तुला काय करायला लावतो. अँटीव्हायरस बंद कर, आणि हा फोल्डर 'एक्सक्लुजन्स'मध्ये, म्हणजे तपासायचं नाही अशा यादीत, टाक. म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवून, एका अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला तू स्वतः अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देतोस. घरगुती संगणकांना सर्वाधिक छळणाऱ्या खंडणी-व्हायरसांपैकी 'स्टॉप', ज्याला 'डिजेव्हीयू'ही म्हणतात, तो अशाच क्रॅकमधून पसरला. प्रोजेक्टच्या फाइली कुलूपबंद झालेली मुलं माझ्याकडे सबमिशनच्या आदल्या दिवशी येतात, आणि बहुतेकांना मला नाही म्हणावं लागतं. त्यांच्या जिवाची तगमग बघवत नाही. कुणावर आलीच वेळ, तर 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर कुलूपबंद फाइलचा नमुना तपासून बघ. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये ते सुरू केलं, आणि काही प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक्सक्लुजन्सची यादी आजच उघड. विकत घेताना दुकानदाराने 'सगळं टाकून' दिलेल्या लॅपटॉपमध्ये मला तिथे अख्खा सी ड्राइव्ह सापडलेला आहे. म्हणजे डिफेंडर चालू, हिरवी खूण दिसतेय, आणि तो काहीच तपासत नाही. यादीतलं सगळं काढ, पूर्ण स्कॅन कर. ऑफिससाठी लिब्रे ऑफिस आहे, चित्रांसाठी गिम्प, गणितासाठी ऑक्टेव्ह. विद्यार्थ्यांना कंपन्या मोफत परवाने देतात, कॉलेजच्या मेलवरून विचार.

प्रश्न : जुलै २०२४ मध्ये अँटीव्हायरसनेच जगभरचे संगणक बंद पाडले होते ना? मग तो ठेवावाच कशाला? (लातूर)

तो क्राउडस्ट्राइकचा प्रसंग, १९ जुलैचा. कंपन्यांसाठीच्या त्यांच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. मॅक आणि लिनक्सवर परिणाम झाला नाही, कारण ते अपडेट विंडोजपुरतंच होतं. पण अख्खे संगणक का अडकले, तर कारण परत अधिकारांचंच. विंडोजमध्ये ते सॉफ्टवेअर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसतं. तिथे ठेच लागली की अख्खा संगणक कोसळतो. अ‍ॅपलने बाहेरच्या सॉफ्टवेअरला गाभ्यातून बाहेर काढायला २०१९ पासूनच सुरुवात केली होती. माझ्या मते अ‍ॅपलचं ते पाऊल योग्य होतं. त्या प्रसंगानंतर मायक्रोसॉफ्टही त्या दिशेने निघाली आहे. तुमच्या घरच्या संगणकावरचा अँटीव्हायरस यासाठी काढू नका.

प्रश्न : अँटीव्हायरस खरंच काम करतोय का, हे घरी कसं तपासायचं? (दादर, मुंबई)

यासाठी 'आयकार'ची चाचणी-फाइल असते. अँटीव्हायरस संशोधकांच्या युरोपातल्या संस्थेने ठरवलेली ६८ अक्षरांची एक ओळ, पूर्ण निरुपद्रवी, पण सगळे अँटीव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस समजून पकडतात. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती उतरवायचा प्रयत्न करा. अँटीव्हायरस जागा असेल तर उतरताक्षणी किंवा उघडताना अडवेल. फाइल निमूट उतरली आणि उघडलीसुद्धा, तर सेटिंग्जमध्ये 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' बंद आहे का ते बघा, आणि चालू असेल तर एक्सक्लुजन्सच्या यादीत डाउनलोड फोल्डर आहे का ते.